घशातली हाक

१

सेवेलाचे विनोद ठरलेले होते, आणि ते करायच्या जागाही ठरलेल्या होत्या. होडी धक्क्यावरून सुटली की पहिला मगरीचा. "मंडळी, हात आत ठेवा. तिचं अजून जेवण व्हायचंय." मग पाणघोड्यांचा. मग दरीच्या वरच्या अंगाला ते तीन गोल माथ्यांचे डोंगर दिसू लागले की ती माईक तोंडाशी धरून म्हणायची, "ह्या आमच्या सरदाराच्या तीन बायका. मधली तोंड फिरवून बसलीय, दिसतं ना? थोरलीशी पटत नाही तिचं." लोक हसायचे, फोटो काढायचे. मागे सुकाणूवर बसलेला लेसिबा मात्र कधी हसायचा नाही. तो तिच्या आईचा धाकटा भाऊ. ती त्याला मालोमे म्हणायची, आईच्या भावाला म्हणतात तसं.

मोतलात्से नदी इथे धरणाने अडली आहे. दरीच्या तळाशी पाणी उभं राहिलंय, हिरवं आणि संथ, आणि दोन्ही बाजूंना तांबडे कडे. फेरीचा शेवटचा टप्पा म्हणजे घसा. होडीवाले त्या जागेला घसाच म्हणत. तिथे दोन्ही कडे एकमेकांच्या इतके जवळ येतात की आभाळाची नुसती पट्टी उरते आणि पाणी काळं होतं. तिथे पोचलं की लेसिबा इंजिन बंद करायचा. सेवेला माईक बाजूला ठेवायची, दोन्ही तळहात तोंडाभोवती धरायची आणि कड्याला हाक मारायची, "ले काए!"

कडा तिची हाक तिला परत द्यायचा. "काए... काए... ए..."

'ले काए' म्हणजे कसे आहात. शब्दाला शब्द लावला तर, कुठे आहात. कुणाच्याही दारात उभं राहून हेच विचारायचं. आतून उत्तर येतं, 'रे खोना'. आहोत, इथेच आहोत. घरात एकटं माणूस असलं तरी ते 'आहोत'च म्हणतं. एकट्याने 'आहे' म्हणणं बरं दिसत नाही.

त्या दिवशी सकाळपासून कड्यांच्या डोक्यावर धुकं बसलं होतं. दुपारच्या शेवटच्या फेरीला थोडेच लोक होते, सगळे परदेशी, थंडीने खांदे आवळून बसलेले. विनोदांवर कुणी फारसं हसलं नाही. घशात पोचल्यावर लेसिबाने इंजिन बंद केलं आणि सेवेलाने सवयीने हाक मारली.

हाक परत आली नाही.

पाणी होडीच्या बुडाला चुळुक चुळुक लागत होतं. सेवेलाला वाटलं, धुक्याने गिळली असेल. ती माईक उचलायला वाकली, आणि कड्यातून आवाज आला.

"रे खोना."

मोठ्याने नाही. कुणी लांबून ओरडावं तसा तर मुळीच नाही. घरात काम करताकरता मान वर न करता माणूस दाराकडे बोलतं, तसा.

परदेशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच खेळ असणार. सेवेला हसली, तोंडाने थँक्यू म्हणाली, आणि तिचं लक्ष मामाकडे गेलं. लेसिबा नेहमी घशात थोडा वेळ होडी तशीच तरंगू द्यायचा. आज त्याने इंजिन सुरूसुद्धा केलं होतं.

२

"मालोमे, वर कोणी होतं का हो?" धक्क्याला होडी बांधताना तिने विचारलं.

"कुठे वर?"

"कड्यावर. माझ्या हाकेला ओ दिली कुणीतरी."

"मला ऐकू नाही आलं." तो दोराला गाठ मारत होता. त्याची गाठ एरवी एका झटक्यात बसायची. आज त्याने ती दोनदा सोडली. "माकडं असतील."

"माकडं 'रे खोना' म्हणतात?"

"मग पोरं असतील. वरच्या रस्त्याने पोरं फिरतात, टवाळ असतात." त्याने मान वर केली. "तू असं कर, सेवेला. उद्यापासून इंग्रजीत हाक मार. हॅलो म्हण. या लोकांना आपली भाषा कुठे कळतेय?"

"हॅलोला काय मजा?"

"मजेचं मी काय सांगू," तो म्हणाला, आणि शेडकडे गेला. लेसिबा धक्क्यावरच्या शेडमध्येच राहायचा. बायकोशी पटत नाही म्हणून बाहेर पडला, असं घरात सगळे धरून चालले होते. तो स्वतः त्याबद्दल कधी अवाक्षर बोलला नव्हता.

सेवेला कामगारांच्या चाळीतल्या आपल्या खोलीत आली. चहा ठेवला. पोरंच असणार, ती स्वतःला म्हणाली. कड्यावर वाट आहे, वाटेवर पोरं आहेत, पोरांना तोंडं आहेत. झालं. पण चहा गाळताना तिच्या मनात आलं, वरून कुणी बोललं असतं तर आवाज वरून आला असता. तो समोरून आला होता. बसल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

दुसऱ्या दिवशी तिने मामाचं ऐकलं आणि हॅलो म्हटलं. कड्याने हॅलो परत दिलं, अगदी शहाण्यासारखं. त्यापुढचे काही दिवसही तसेच गेले. मग तिचं तिलाच हसू आलं. आपण रोज हाक मारतो ते शब्द एका टवाळ पोरामुळे का सोडायचे?

३

त्या दुपारी पोलोक्वाने शहराकडच्या एका चर्चच्या बायका आल्या होत्या. डोक्याला हिरवे रुमाल, मांडीवर तळलेल्या पावांचे डबे, आणि धक्क्यापासून सुरू झालेलं गाणं. मगरीच्या विनोदावर त्या अशा हसल्या की होडी हलली. त्यांच्यातली सगळ्यात थोरली बाई सेवेलाला म्हणाली, "पोरी, ह्या तीन बायकांचा नवरा कुठाय?"

"पळाला, म्मे," सेवेला म्हणाली, आईला म्हणतात तसं. "तिघींच्या जाचाने."

"शहाणा होता मग!"

घशात लेसिबाने इंजिन बंद केलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण सेवेला रंगात आली होती. आपली माणसं होती समोर, आपली भाषा समजणारी. तिने तळहात तोंडाशी नेले आणि जोरात हाक मारली, "ले काए!"

बायकांनी कौतुकाने कान दिले.

बराच वेळ काहीच नाही. मग कड्यातून, शांतपणे, "रे खोना."

दोघीतिघी हसल्या. एकीने तर मोठ्याने कड्याला सांगितलं, "बरं झालं बाई, आहात ते!" पण थोरल्या बाईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कारण आवाज थांबला नव्हता. उत्तरामागे एक खोली होती. नीट कान दिला की कळत होतं. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. खुर्ची फरशीवर ओढल्याचा. कुठेतरी बारीक आवाजात रेडिओ चालू होता आणि त्यावर एक पुरुष सावकाश, एकेक शब्द सुटा करत, गेलेल्या माणसांची नावं आणि त्यांच्या दफनाचे वार वाचत होता.

"अगं," थोरली बाई हळूच म्हणाली, "आत कुणीतरी जेवायला बसतंय."

मग आतून खोकला आला. कोरडा, दोन ठसक्यांचा, आणि शेवटी घसा साफ केल्याचा.

सेवेलाच्या हातातला माईक बाकावर पडला. तो खोकला ती जन्मल्यापासून ऐकत आली होती. त्या पातेल्याचं झाकण एका बाजूने चेपलेलं आहे आणि ते ठेवताना आधी खण् आणि मग टक् असं वाजतं, हेही तिला माहीत होतं. झाकण तिच्याच हातून पडून चेपलं होतं.

इंजिन सुरू झालं. परतीच्या वाटेवर बायकांनी गाणं म्हटलं, पण ते वेगळं गाणं होतं, हळू चालीचं. धक्क्यावर उतरताना थोरल्या बाईने सेवेलाचा हात क्षणभर घट्ट धरला.

४

त्याच संध्याकाळी ती मिनीबस धरून आईकडे गेली. आई डोंगरापलीकडच्या गावात राहायची, दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात. पुढे लाल पॉलिश केलेला ओटा, अंगणात आंब्याचं झाड. सेवेला रविवारी जायची. खरं म्हणजे पूर्वी दर रविवारी जायची. अलीकडे होडीला रविवारीच गर्दी असते, म्हणून राहून जायचं.

आई मक्याची उकड ढवळत होती. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "आज परत? बस, बस. भाजी आहे थोडी."

"परत म्हणजे?"

"म्हणजे दुपारी आलीस, आता आलीस."

सेवेला दाराला टेकून उभी राहिली. "म्मे, दुपारी मी कामावर होते."

"हो का? मग दारात कोण हाक मारत होतं?" आई हसत होती. "बाई गं, स्वतःच ले काए म्हणून ओरडायचं आणि स्वतःच विचारायचं! मी ओ दिली ना तुला. मागेही एकदा अशीच हाक मारलीस आणि आत आलीच नाहीस. मला वाटलं, मारोपेंगकडे गेली असशील गप्पा मारायला."

मारोपेंग म्हणजे शेजारीण. सेवेलाने सुटकेचा निःश्वास टाकायचा प्रयत्न केला. आईचं वय झालंय. कान वाजत असतील. वारा कुठून कुठे आवाज नेतो, डोंगरात तर नेतोच. हाक घशात मारली, ती डोंगरावरून इकडे आली असेल, आणि आईचं उत्तर तसंच तिकडे. असं होत असेल. कुणी शिकलेल्या माणसाने हे दोन वाक्यांत समजावून दिलं असतं.

"आणि आज?" तिने विचारलं. "आज मी हाक मारली, मग?"

"मग आत आलीस." आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. खण्, टक्. "बसलीस. इथेच, खुर्चीवर. जेवलीस. पण काय गं, बोलत का नव्हतीस नीट? लहानपणी माझी नक्कल करायचीस, तसं चाललं होतं तुझं. मी म्हटलं, दमलीस का गं? तर म्हणालीस, दमलीस का गं. मी म्हटलं, अगं पुरे. तर, पुरे. हसून हसून माझी पुरेवाट झाली."

सेवेलाला खुर्चीकडे बघवलं नाही.

"म्मे, उद्या कुणी हाक मारली तर दार उघडू नकोस."

आईचं हसू ओसरलं. "सेवेला, मी एकटी असते इथे. रेडिओवर मेलेल्यांची नावं ऐकते. दुपारी माझी मुलगी दारात येऊन हाक मारते, आणि मी दार उघडू नको?" ती परत चुलीकडे वळली. "रोज आलीस तर बरंच वाटेल मला. तुला जमत असेल तर बघ."

५

दुसऱ्या दिवशी सेवेलाने ठरवलं, हाक मारायची नाही. ले काए नाही, हॅलोही नाही. सगळा गोंधळ आपल्या हाकेचा आहे. हाक नसेल तर कुणी दारात जाणार नाही.

शेवटच्या फेरीला एक जर्मन जोडपं होतं आणि त्यातल्या बाईची सासू. पाऊस नव्हता, पण हवा ओली होती. सेवेलाने विनोद केले, तिचे तिलाच ऐकू आले नाहीत. घसा जवळ आला तसं तिने मामाला खूण केली, थांबू नका, तसेच पुढे चला. लेसिबाने मान हलवली. पण घशात होडी वळवायची तर इंजिन मंद करावंच लागतं. त्याने ते मंद केलं, आणि होडी आडवी झाली.

त्या शांततेत कड्यातून हाक आली.

"ले काए!"

तिचाच आवाज. तिचा 'काए' वर चढवायचा हेल, शेवटी थोडा फाटणारा. पण तिचं तोंड मिटलेलं होतं, ओठांवर तिने बोटंसुद्धा दाबून धरली होती.

आणि कड्यातून आईने ओ दिली. "रे खोना! ये गं, ये. दारात का उभी?" मग दार. आईचं दार खालून सिमेंटला घासतं, आधी हळू, मग एकदम किंचाळतं. ते किंचाळलं. मग पावलं. आत जाणारी.

जर्मन म्हाताऱ्या सासूने सेवेलाकडे वळून हसून अंगठा वर केला.

लेसिबाने होडी अशी पळवली की पाणी बाकांवर उडालं. धक्क्याला लागल्यावर पाहुणे उतरून गेले. तो जागेवरून उठला नाही.

"मालोमे," सेवेला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"मला काही माहीत नाही, पोरी. हे काय आहे ते मला ठाऊक असतं तर मी सांगितलं नसतं?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझी मामी सगळ्यांना सांगते, मी रोज दुपारी जेवायला घरी येतो."

"बरं मग?"

"मी दुपारी कुठे असतो?"

दुपारी तो तिच्यामागे, सुकाणूवर असायचा.

"तू कामाला लागायच्या आधी हाक मी मारायचो," तो म्हणाला. "मग सोडली. तुला वाटतं आमचं भांडण झालं. सगळ्यांनाच वाटतं. ती मजेत आहे, सेवेला. मी तिला मजेत असलेलं पाहिलंय. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून."

"तुम्ही आत नाही गेलात?"

"गेलो होतो. उशिरा गेलो." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातात कोंबली. "तू बस इथे विचारत. जा ना! अजून उशीर झाला नसेल तर."

६

मारोपेंग कुंपणाशी चादर वाळत घालत होती. गाडीतून उतरणाऱ्या सेवेलाकडे तिने पाहिलं, मग घराकडे पाहिलं, मग पुन्हा सेवेलाकडे.

"तू कधी बाहेर गेलीस?"

"मी आत्ताच येतेय, मावशी."

"अगं, मघाशी आत गेलीस की माझ्यासमोरून. हाक मारली मी, वळलीसुद्धा नाहीस. म्हटलं, होडीवर काम करून मोठी झाली बाई." मारोपेंगने चादरीला चिमटा लावला नाही, तो नुसता हातात धरून उभी राहिली. "तुझाच तो केशरी अंगरखा होता. पाण्यात बुडू नये म्हणून घालता तो."

सेवेलाच्या अंगात तो केशरी अंगरखा अजूनही होता. घाईत तिने काढलाच नव्हता.

ओट्यावर चढताना तिने पावलांचा आवाज होऊ दिला नाही. दार पुढे लोटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून फुलांचा पडदा, पण तो एका कडेने कधीच पुरत नाही. त्या फटीतून तिला आईचे हात दिसले. आई वेणी घालत होती. खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, मान थोडी पुढे, लहान मुलं बसतात तशी. केशरी खांदे. आईच्या बोटांत केसांचे पेड आणि त्यांच्यामध्ये उघडी, तांबूस मान. आई काहीतरी सांगत होती. बसलेली ते ऐकत होती आणि मधूनमधून हुंकार देत होती. जिथे द्यायला हवा, नेमक्या तिथे.

गुपचूप आत शिरावं, की दगड उचलावा, की मारोपेंगला बोलवावं? शेवटी तिने तेच केलं जे ती जन्मभर या दारात करत आली होती. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

"ले काए?" ती म्हणाली.

आतलं बोलणं थांबलं.

"रे खोना," आतून उत्तर आलं. ते आईचं नव्हतं. आणि मग, पाहुण्याला विचारतात तसं, अदबीने, सेवेलाच्याच आवाजात, "आपण कुठल्या?"

तिने दार ढकललं. ते खाली घासलं, मग किंचाळलं.

आई खुर्चीमागे उभी होती. एका हातात फणी, दुसऱ्या हाताची बोटं हवेत, पेड धरल्यासारखी एकमेकांत अडकवलेली. खुर्ची रिकामी होती. आतल्या खोलीच्या दाराचा पडदा हलत होता, आता थांबेल, मग थांबेल असा.

"म्मे," सेवेला म्हणाली. "म्मे, बाहेर चल. माझ्याबरोबर चल."

आईने तिच्याकडे पाहिलं. घाबरलेली नव्हती. रागावलेलीही नव्हती. रस्ता चुकलेल्या माणसाकडे बघतात तसं तिने पाहिलं, आणि फणी पाठीआड घेतली.

"बसा ना," आई म्हणाली. "कोणाकडे आलात तुम्ही?"

७

शेडच्या पायरीवर लेसिबा तिची वाट बघत होता. ती गाडीतून उतरली, किल्ली त्याच्याकडे दिली. त्याने काय झालं ते विचारलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "तुला 'तुम्ही' म्हणाली?"

सेवेलाने होकारार्थी मान हलवली. मग ती त्याच्या शेजारी बसली, आणि पाणी काळं होईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.

तिने करायचं ते सगळं केलं. दवाखान्यातल्या नर्सला घरी नेलं. नर्सने आईला वार विचारला, गाव विचारलं, भावाचं नाव विचारलं. आईने सगळं बरोबर सांगितलं, नर्सच्या आजीचं माहेरसुद्धा. मुलीचं नाव विचारलं तर सांगितलं, सेवेला. ती होडीवर असते. मग नर्सने सेवेलाकडे बोट दाखवून विचारलं, ह्या कोण? आई ओशाळून म्हणाली, "बघितल्यासारखं वाटतं हो. पण नाव काही आठवत नाही." बाहेर आल्यावर नर्स म्हणाली, या वयात होतं असं. आणि मग, गाडीत बसायच्या आधी, तिने वळून एकदा घराकडे पाहिलं. "आत अजून कोण राहतं?"

मारोपेंग पहिले काही दिवस सेवेलाला नावाने हाक मारायची. हळूहळू तिची हाक मंद होत गेली. आता ती सेवेलाला पाहून नुसती मान लववते.

होडी चालूच आहे. मगर, पाणघोडे, सरदाराच्या बायका. घशात आता ते जात नाहीत. लेसिबाने मालकाला सांगितलं, तिथे गाळ साठलाय.

पण रविवारी सेवेला जाते. दर रविवारी जाते, गर्दी असली तरी. ती ओट्यावर उभी राहते, हाक मारत नाही, नुसती टकटक करते. आई दार उघडते. आधी तिला प्रश्न पडलेला दिसतो, मग तिला आठवतं. "तुम्ही होय? त्या दिवशीच्या? या." तिला बसायला दुसरी खुर्ची मिळते, पाहुण्यांची. चहा मिळतो, दूध वेगळ्या भांड्यात. आई आता जाड झालीय, चेहऱ्यावर तकाकी आहे. खोकला कमी झालाय. रेडिओ बंद असतो.

"लेक आता रोज असते ना," परवाच्या रविवारी आई सांगत होती. "आधी बोलायचीच नाही धड. आता इतकं बोलते की काय सांगू. तुमच्यापुढे येत नाही एवढंच. लाजाळू आहे."

सेवेलाने कपाकडे पाहत विचारलं, "आहे का ती घरात?"

"आहे ना. हे काय."

आतल्या दाराचा पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. त्याच्याखाली दोन पावलं होती. अनवाणी, जुळवून ठेवलेली, बोटं या खोलीकडे केलेली. पडद्याला इतकी लागून की कापड मध्ये थोडं पुढे आलं होतं आणि हळूहळू आत ओढलं जात होतं, पुन्हा पुढे येत होतं. सेवेलाच्या लक्षात आलं, आपण जेव्हा श्वास घेतो तेव्हाच ते आत जातं. तिने श्वास रोखून धरला. कापड थांबलं.

आईला त्यातलं काही दिसलं नाही. ती पाहुणीचा चेहरा न्याहाळत होती. तिला काहीतरी वाईट वाटत होतं आणि ते कशाचं ते तिला कळत नव्हतं. तिने हात पुढे केला, सेवेलाच्या गुडघ्यावर ठेवला, उचलला, परत ठेवला.

"रागावू नका," आई म्हणाली. "पण विचारते. तुम्हाला आई आहे?"

"आहे."

"कुठे असते?"

सेवेलाने कप खाली ठेवला. तो बशीत वाजला. तिला छातीत कोंडलेला श्वास सोडावाच लागला, आणि पडद्यापलीकडे कुणीतरी तेवढाच श्वास सोडला.

"जवळच असते," ती म्हणाली.

"मग जात जा हो तिच्याकडे," आई म्हणाली. "वाट बघत असेल."